चहा टाकण्याआधी

आपल्याकडे चहा करत नाहीत, टाकतात. पाहुणा दारात चपला काढत असतो तोवर आतून प्रश्न येतो, ‘चहा टाकू ना?’ इतक्या घरच्या झालेल्या गोष्टीचा अभ्यास कशासाठी करायचा, असं कोणालाही वाटेल. या विषयात पहिलं पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. म्हणून चीनला नंतर जाऊ, आधी अंधेरी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर थांबू.

पातेल्यात दूध, पाणी आणि साखर एकत्र उकळतंय. ठेचलेलं आलं पडतं, मागोमाग चहाची दाणेदार पूड. तीनदा वर आलेला चहा फडक्यातून गाळून किटलीत उतरतो आणि तिथून कटिंगच्या ग्लासात. हा दाणा ‘सीटीसी’चा. पान चिरडून, फाडून, वळवून त्याची बारीक गोळी करणारं यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आलं. नाजूक अख्खं पान असं रटरटा उकळलं तर त्याचा स्वाद जातो. हा दाणा मात्र थोडक्यात रंग आणि कडकपणा देतो. कटिंगचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

आता शब्द घ्या. चीनमधून खुश्कीच्या मार्गाने पश्चिमेकडे गेला तो ‘चाय’; तिथल्याच फूच्येनच्या किनाऱ्यावरची बोली डच व्यापाऱ्यांनी उचलली, तिचा झाला ‘टी’. मकावला बसलेले पोर्तुगीज ‘चा’ म्हणत राहिले. आपला ‘चहा’ आणि गावाकडचा ‘च्या’ याच चा-घराण्यातले.

या पोर्तुगीजांशी मुंबईच्या उपनगरांचं नातं जवळचं आहे. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. इंग्रज दरबारात चहाची चाल रूढ करण्याचं श्रेय तिला दिलं जातं. तिच्या आंदणात मुंबई गेली, पण शेजारचं साष्टी बेट गेलं नाही. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टीतली गावं १७३७पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, मग मराठ्यांकडे आली.

पुढे इंग्रजांना चहाचं वेड लागलं आणि चीनला चांदी मोजून ते थकले. त्या चांदीऐवजी कापूस आणि अफू जाऊ लागली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कॅन्टनला जाई. या चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंनी अमाप संपत्ती मिळवली. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिलेल्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांच्यामधला रस्ता बांधला गेला, तो १८४५ साली खुला झाला. वांद्र्याच्या बाजूनं साष्टी मुंबईला पायी जोडली गेली ती अशी. म्हणजे उपनगरांत चहा पोचण्याआधी चहाच्या व्यापाराचा पैसा पोचला होता.

पिण्याची सवय बरीच उशिरा आली. आसामचा चहा लंडनच्या लिलावात १८३९ साली उभा राहिला. मळ्यांवर राबायला छोटा नागपूरकडून मजूर करारावर नेले गेले. पण तो माल परदेशासाठी होता. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्यातून प्रचार सुरू झाला. जागतिक मंदीत माल पडून राहू लागला, १९३३च्या करारानं निर्यातीवर मर्यादा आली, तेव्हा मळेवाल्यांना घरचं गिऱ्हाईक आठवलं. स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. लोकांनी पाट्या वाचल्या आणि चहा आपल्याच रीतीनं उकळला.

सामाजिक इतिहासाचंही एक टोक चहाच्या कपात आहे. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा आला आणि त्यावरून प्रायश्चित्तापर्यंत वाद गेला. वाद चहाचा नव्हताच, तो कोणाच्या हातचा हा होता. पुढे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशा वेगळ्या ठेवल्या जात. चहानं माणसं एका बाकावर आणली हे खरं. सगळ्यांना आणलं नाही, हेही तितकंच खरं.

आणि दूध? शहरातल्या म्हशी बाहेर हलवण्यासाठी गोरेगावला आरे वसाहत १९४९ साली सुरू झाली. मुंबईच्या चहाचा इतिहास लिहिणाऱ्यानं आसामचे कागद पाहावेत तसे तबेल्यांचेही पाहावेत.

या विषयाची साधनं जकातीच्या वह्यांत, जुन्या जाहिरातींत आणि न्यायालयाच्या दप्तरांत आहेत. तशीच ती घरातही आहेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: आपल्याकडे चहा पहिल्यांदा कधी आला, कोणी आणला, कोणाला मिळत नसे? उत्तर तारीखवार लिहून ठेवा. उपनगरांच्या इतिहासात हे प्रकरण अजून लिहायचं राहिलं आहे.