बोस्निया युद्ध : नागरिकांचे संरक्षण आणि आंतरराष्ट्रीय प्रतिसाद

युद्धात सापडलेल्या नागरिकांच्या रक्षणाचे दायित्व जगातील राष्ट्रांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लेखी स्वरूपात स्वीकारले. वंशसंहाराला प्रतिबंध करणारा करार १९४८ मध्ये, तर नागरिकांच्या संरक्षणाविषयीचा चौथा जिनिव्हा करार १९४९ मध्ये झाला. भारत या दोन्ही करारांत सहभागी आहे. या वचनांची कठोर कसोटी १९९२ ते १९९५ या काळात बोस्निया-हर्जेगोव्हिनामध्ये लागली. या युद्धात सुमारे एक लाख लोक मृत्युमुखी पडले आणि वीस लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले.

युद्धाची पार्श्वभूमी

युगोस्लाव्हियाच्या विघटनास १९९१ मध्ये प्रारंभ झाला. बोस्नियात बोस्नियाक मुस्लिम, सर्ब आणि क्रोएट असे तीन प्रमुख समाज राहत होते. १९९२ च्या फेब्रुवारीअखेर स्वातंत्र्यासाठी घेण्यात आलेल्या सार्वमतावर बहुतेक सर्बांनी बहिष्कार टाकला. एप्रिलमध्ये युरोपीय राष्ट्रांनी बोस्नियाला मान्यता दिली आणि त्याच सुमारास युद्ध भडकले.

बोस्नियन सर्ब सैन्याने राजधानी साराएव्होला घातलेला वेढा जवळजवळ चार वर्षे टिकला. अनेक गावांतून अन्य समाजाच्या लोकांना हुसकावून लावण्यात आले. पुरुषांना छावण्यांत डांबण्यात आले, अनेकांची हत्या झाली आणि स्त्रियांवर लैंगिक अत्याचार करण्यात आले. या धोरणाला ‘वांशिक शुद्धीकरण’ हे नाव पडले. क्रोएट आणि बोस्नियाक दलांकडूनही अत्याचार घडले. त्यांच्याही काही अधिकाऱ्यांवर पुढे खटले चालले.

सुरुवातीचे उपाय

सुरक्षा परिषदेने सप्टेंबर १९९१ मध्येच ठराव क्रमांक ७१३ अन्वये संपूर्ण युगोस्लाव्हियाला शस्त्रपुरवठा करण्यास बंदी घातली होती. युगोस्लाव्ह सैन्याची शस्त्रास्त्रे मोठ्या प्रमाणावर सर्ब दलांच्या हाती आल्याने या बंदीची झळ प्रामुख्याने बोस्नियाच्या सरकारला बसली. मे १९९२ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्यावर आर्थिक निर्बंध लादण्यात आले.

फेब्रुवारी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षण दलाची स्थापना झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी असलेले भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे या दलाचे पहिले सेनापती होते. मार्च १९९३ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. मूलतः क्रोएशियासाठी उभारलेल्या या दलाकडे जून १९९२ पासून साराएव्हो विमानतळाचे आणि पुढे मदतकार्याच्या रक्षणाचे काम आले. अन्नधान्याचे ताफे सुरक्षित पोहोचवणे हा दलाचा अधिकार होता. हल्लेखोरांना बळाने रोखणे हा नव्हता. ही त्रुटी पुढे घातक ठरली.

ऑगस्ट १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार आयोगाने आपल्या इतिहासातील पहिले विशेष अधिवेशन बोलावले. पोलंडचे माजी पंतप्रधान तादेऊश माझोव्हिएत्स्की यांची विशेष प्रतिवेदक म्हणून नियुक्ती झाली. त्यांनी एकामागून एक अहवाल सादर करून अत्याचारांची नोंद केली आणि संरक्षणाची मागणी लावून धरली.

सुरक्षित क्षेत्रांचा प्रयोग

१६ एप्रिल १९९३ रोजी ठराव क्रमांक ८१९ अन्वये पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. पुढील महिन्यात साराएव्हो, तुझ्ला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच यांचाही त्यात समावेश झाला. या क्षेत्रांच्या प्रभावी रक्षणासाठी सुमारे ३४,००० अतिरिक्त सैनिकांची आवश्यकता असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाने दिला होता. परिषदेने मात्र ७,६०० सैनिकांच्या पर्यायास संमती दिली.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सावर चढाई केली. तेथे तैनात असलेल्या नेदरलँड्सच्या पथकाकडे मनुष्यबळ, इंधन आणि शस्त्रे अपुरी होती. हवाई मदतही उशिरा आणि अत्यल्प मिळाली. ११ जुलै रोजी गाव पडले. जवळच्या पोतोचारी येथील शांतिसेनेच्या तळावर आश्रयासाठी आलेल्या हजारो लोकांमधून पुरुष आणि मुले वेगळी काढण्यात आली. स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांना बसगाड्यांतून बाहेर पाठवण्यात आले. त्यानंतरच्या काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलांची हत्या करण्यात आली. झेपाही पडल्यावर, आंतरराष्ट्रीय समुदायाच्या निष्क्रियतेचा निषेध म्हणून माझोव्हिएत्स्की यांनी २७ जुलै रोजी राजीनामा दिला.

ऑगस्टच्या अखेरीस साराएव्होच्या बाजारात तोफगोळा पडून ४३ जण ठार झाले. त्यानंतर ‘नाटो’ने सर्ब लष्करी ठिकाणांवर व्यापक हवाई हल्ले सुरू केले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील डेटन येथे समझोता झाला आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिस येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

न्यायदानाची प्रक्रिया

युद्ध चालू असतानाच, २५ मे १९९३ रोजी सुरक्षा परिषदेने हेग येथे माजी युगोस्लाव्हियासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरण स्थापन केले. न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथील खटल्यांनंतरचे हे पहिलेच आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायाधिकरण होय. त्याने एकूण १६१ व्यक्तींवर आरोप ठेवले. फोचा येथील अत्याचारांच्या खटल्यात २००१ मध्ये बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी यांबद्दल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. जनरल रादिस्लाव क्रस्तिच यांच्या खटल्यात स्रेब्रेनित्सातील हत्याकांड हा वंशसंहार असल्याचा निर्णय २००१ मध्ये देण्यात आला आणि २००४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

सर्बियाचे माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच यांचा २००६ मध्ये खटला अपूर्ण असतानाच कोठडीत मृत्यू झाला. बोस्नियन सर्ब नेते रादोव्हान काराजिच २००८ मध्ये, तर सेनाप्रमुख रात्को म्लादिच २०११ मध्ये पकडले गेले. दोघांनाही जन्मठेप झाली. त्यावर अनुक्रमे २०१९ आणि २०२१ मध्ये अंतिम शिक्कामोर्तब झाले. दरम्यान, वंशसंहार रोखण्यात आणि दोषींना शासन करण्यात सर्बियाने कसूर केल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये दिला. नेदरलँड्सच्या न्यायालयांनीही आपल्या सरकारवर मर्यादित दायित्व निश्चित केले.

परिणाम आणि महत्त्व

संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी १९९९ च्या अहवालात संघटनेच्या अपयशाची स्पष्ट कबुली दिली. १९९८ च्या रोम करारातून स्थायी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आकारास आले. भारत मात्र त्याचा सदस्य नाही. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत, आपल्या जनतेचे रक्षण करण्यात एखादे राज्य उघडपणे अपयशी ठरल्यास सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कृती करण्याची तयारी सर्व राष्ट्रांनी व्यक्त केली. अशी कृती नकाराधिकार असलेल्या पाच राष्ट्रांच्या सहमतीवर आजही अवलंबून आहे.

बोस्नियात निर्बंध, शांतिसेना, अहवाल आणि न्यायाधिकरण ही सर्व साधने हत्याकांडापूर्वीच अस्तित्वात होती. संरक्षणाची घोषणा आणि त्यासाठी लागणारे बळ यांत मात्र मोठी तफावत राहिली. ‘सुरक्षित’ या शब्दावर विसंबून लोक तेथे थांबले, हे या तफावतीचे सर्वांत दुःखद फलित होय. मारेकऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी मृतदेह उकरून अन्यत्र पुरले होते. त्यामुळे डीएनए चाचणीच्या आधारे अवशेषांची ओळख पटवण्याचे काम अनेक वर्षे चालले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२४ मध्ये ११ जुलै हा दिवस स्रेब्रेनित्सा वंशसंहाराचा आंतरराष्ट्रीय स्मरणदिन म्हणून घोषित केला. याच दिवशी पोतोचारी येथील दफनभूमीत नव्याने ओळख पटलेल्या मृतांवर अंत्यसंस्कार केले जातात.