ब्रॉडबँड, घरगुती : वेगवाढीनंतरची मंदगती

जास्त वेगाचा प्लॅन घेतल्यावर किंवा तांब्याच्या तारेवरून फायबरवर आल्यावरही घरातील संगणक, मोबाइल वा टीव्हीला वाढीव वेग न मिळणे. महाराष्ट्रातील शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही ही तक्रार ‘प्लॅन वाढवला, पण नेट तसंच’ या शब्दांत केली जाते. बिल वाढते, डब्यावरचे दिवे हिरवे असतात, लाइनमन येऊन ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ असे सांगून जातो आणि वेग मोजला की आकडा तिथल्या तिथेच. अशा तक्रारींत दोष बहुतेकदा वाढवलेल्या भागात नसतो. जो भाग जुना राहिला त्यात असतो. वाटेत एक अरुंद दुवा असला तर त्याच्या पुढचे-मागचे सगळे दुवे कितीही रुंद केले तरी उपयोग होत नाही.

पार्श्वभूमी : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. ही मर्यादा २०१३मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएस झाली. ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबरची सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली ती १०० एमबीपीएसपासून १ जीबीपीएसपर्यंतच्या प्लॅननी. घरातल्या भिंतींत लॅनची केबल टाकली गेली ती बरीचशी त्याआधीच्या काळात. प्लॅन २, ४ किंवा ८ एमबीपीएसचा असताना १०० एमबीपीएस पेलणारी तार म्हणजे चैनच होती. तिची मर्यादा कोणाच्या लक्षात आली नाही, कारण तिथपर्यंत कोणी पोहोचतच नव्हते. आज २०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणारा माणूस थेट त्या मर्यादेवर जाऊन आपटतो.

एकके : प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर डाउनलोड होणाऱ्या फाइलीचा वेग संगणक बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर पडद्यावर सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला तर जोडणी उत्तम चालू आहे. ४ गिगाबाइटच्या फाइलीला तेथे साडेपाच मिनिटे लागणारच.

चौऱ्याण्णवचा आकडा : वाढीव प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आणि मोजलेला वेग मात्र दरवेळी ९३, ९४, ९५ यांच्या मध्ये घोटाळतो, असे दिसले तर निदान जवळपास झालेच. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून वापरकर्त्याला इतकेच मिळू शकते. पूर्ण आकाराच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) १,४६० बाइट कामाची माहिती असते. पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन चौकटींमधले अंतर धरून तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते. या दोहोंचे गुणोत्तर सुमारे ०.९५. म्हणून १०० वर ९४-९५ आणि १,००० वर ९४०च्या जवळपास. सकाळी, दुपारी, रात्री आकडा हलत नाही हीच त्याची खूण. गर्दीमुळे आलेली मंदी वेळेनुसार हलते. पोर्टची मंदी हलत नाही.

हे शंभराचे पोर्ट कुठेही असू शकते. जुन्या राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० छापलेले असते. तो वायफायचा कागदावरचा वेग असतो, मागची पोर्ट शंभराचीच. काही राउटरांच्या खोक्यांवर १२०० असते आणि तरीही पोर्ट शंभराची. कंपनीने बसवलेल्या ओएनटीत (फायबर जिथे येऊन संपते तो डबा) चार पोर्ट असली, तर काही नमुन्यांत त्यांतले एकच गिगाबिटचे आणि उरलेली तीन शंभराची असतात. केबल चुकीच्या पोर्टमध्ये खोचली असेल, तर ती काढून शेजारी लावणे एवढाच इलाज पुरतो. यासाठी नवा राउटर विकत घेणारी घरे आहेत.

तार आणि तिच्या आठ वायरी : या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि दुरुस्तीला येणारी माणसे सर्वांत कमी वेळ देतात तोही हाच.

लॅनच्या केबलीत आठ बारीक वायरी असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. प्रचलित रचनेत जॅकमध्ये त्यांचा क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. १९९५च्या मानकातल्या १०० एमबीपीएसच्या इथरनेटला यांतल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या जागेवरच्या, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या लागतात. १९९९च्या मानकातल्या गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक वायर जरी जॅकमध्ये नीट बसली नसेल, तरी जोडणी तुटत नाही. दोन्हीकडची यंत्रे नारिंगी-हिरव्या जोड्यांवर बोलून आधी गिगाबिट ठरवतात, प्रयत्न फसला की पुष्कळशी यंत्रे निमूटपणे शंभरावर उतरतात. ना लाल दिवा लागतो, ना सूचना येते. नेट चालू असते म्हणून कोणी तिकडे पाहत नाही.

जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या पट्टीचे दोन स्क्रू काढून जॅक बाहेर ओढला की अनेकदा पुढचे चित्र दिसते : नारिंगी आणि हिरवी जोडी जागेवर दाबलेली, तपकिरी जोडी कापून केबलीच्या सालीभोवती गुंडाळलेली आणि निळी जोडी शेजारच्या टेलिफोनच्या जॅककडे वळवलेली. एका केबलीत नेट आणि लँडलाइन दोन्ही भागवलेले असते. त्या काळी हे काम चूक नव्हते. वायर वाचत होती आणि दोन्ही गोष्टी चालत होत्या. काही ठिकाणी एकाच केबलीच्या दोन-दोन जोड्या करून दोन खोल्यांना नेट दिलेले आढळते. अशा तारेवर गिगाबिट कधीच मिळणार नाही. निळी-तपकिरी जोडी मोकळी असेल आणि पुरेशी लांब उरली असेल, तर दोन्ही टोकांचे जॅक पुन्हा दाबून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरा दोष केबलीच्या धातूचा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. केबलींच्या कोणत्याही मान्य श्रेणीत ती बसत नाही, तरी सालीवर श्रेणीचे नाव छापलेले असते. वायरीचे टोक ब्लेडने खरवडावे. आतून पांढरे-चंदेरी निघाले तर ती तांब्याची नव्हे. ती दोन-चारदा वाकवली की तुटते आणि जॅकच्या दातांत सैल पडते. केबल घ्यायचीच तर संपूर्ण तांब्याची, कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्यावी. गिगाबिटला कॅट ५ई पुरते. एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर. छोट्या फ्लॅटमध्ये ती कधी आड येत नाही, पण सोसायटीत येते. स्थानिक केबलचालकाचे फायबर इमारतीच्या गच्चीवरील पेटीपर्यंत येते आणि तिथून खाली घरात साधी लॅनची केबल सोडलेली असते, अशा जोडणीला ग्राहक ‘फायबर’ म्हणतो. प्रत्यक्षात शेवटचा टप्पा तांब्याचाच असतो आणि तो उन्हापावसात लोंबत असतो. पेटीतला स्विच शंभराचा असेल तर वरच्या सगळ्या प्लॅनचा उपयोग शून्य. इथे चालकाला स्विच बदलायला सांगणे हाच मार्ग.

तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. लॅपटॉपला केबल लावून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर इथरनेटचा ‘लिंक स्पीड’ पाहावा. १००/१०० दिसले तर अडथळा त्या लॅपटॉपपासून पलीकडच्या पोर्टपर्यंतच आहे. १०००/१००० दिसले तर पुढे शोधावे, आणि राउटर व ओएनटी यांच्यामधली हातभर लांबीची केबलही विसरू नये. जुन्या जोडणीची तीच केबल नव्या डब्याला लावून लाइनमन निघून जातो, असे फार ठिकाणी घडते.

वायफाय : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे २० मेगाहर्ट्झचे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत हे तीन चॅनेल पन्नास घरे वापरत असतात. एक अँटेनाचा मोबाइल या पट्ट्यात जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसवर जोडला जातो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळवतो. प्लॅन ५० असो वा ५००. ५ गिगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा मोबाइल ८० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलवर ८६६ एमबीपीएसवर जोडला जातो, पण हा पट्टा भिंतीतून कमी जातो. काँक्रीटच्या भिंती, कोकण-गोव्यातले चिऱ्याचे बांधकाम, जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे सगळे त्याच्या वाटेतले अडथळे. राउटर टीव्हीच्या शोकेसमागे लपवू नये. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला राउटर असेल तर जेवण गरम करताना नेट अडखळण्याचे कारण तेच. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला चिकटून राहू शकतो. नावे वेगळी करून पाहावीत. राउटरच्या सुरक्षेत जुनी ‘टीकेआयपी’ पद्धत निवडलेली राहिली असेल, तर नवीन यंत्रेही ५४ एमबीपीएसच्या जुन्या दरावर उतरतात, ‘एईएस’ निवडावे. अनेक डब्यांच्या मेश यंत्रणेबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. त्यातले डबे तारेने जोडले तर ती निर्विवाद चांगली.

फायबरचा दोष : जीपॉन या प्रचलित पद्धतीत एका तंतूवर सेकंदाला २.४८८ गिगाबिट खाली आणि १.२४४ गिगाबिट वर जातात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ओएनटीला मिळणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात. ३ ने उतरला म्हणजे निम्मा झाला. उणे २७ ही नेहमीच्या ओएनटीची शेवटची सीमा. जुन्या टेलिफोन तारेवरच्या डीएसएलमध्ये एक्स्चेंजपासूनच्या अंतराने वेग हळूहळू घटत असे. फायबरचे तसे नाही. प्रकाश सीमेच्या आत असेल तर वेग पूर्ण मिळतो, सीमेजवळ आला की चुका वाढून जोडणी अडखळते आणि मग तुटते. म्हणून ‘प्रकाश थोडा कमी आहे’ हे वेग निम्मा होण्याचे कारण म्हणून सांगितले गेले तर आकडा विचारावा. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत चेंगरलेली किंवा कपाटामागे काटकोनात वळलेली तार सरळ करावी. ओएनटीतला फायबरचा हिरवा जोड स्वतः उपसू नये, टोकाला बोट लावू नये आणि त्यात डोकावू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो असतो.

खात्यातील नोंद : प्लॅन बदलला तरी वेगाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी लॉगिन होतानाच लागू होते. महिनोन् महिने चालू राहिलेला राउटर जुन्याच मर्यादेवर चालतो. तो काही मिनिटे बंद ठेवून चालू करावा. काही प्लॅन पुढच्या बिलाच्या तारखेपासून लागतात. महिन्याचा ठरावीक डेटा संपला की ‘एफयूपी’खाली वेग उतरतो, तेही पाहावे.

राउटरची ताकद : युजरनेम-पासवर्डच्या (पीपीपीओई) जोडणीत प्रत्येक पॅकेट राउटरच्या प्रोसेसरला हाताळावे लागते. जुना राउटर तेथे दमतो. पालक-नियंत्रण किंवा क्यूओएस (वापरानुसार प्राधान्य) चालू केल्यावर काही राउटरांतला वेगवान मार्ग बंद पडतो. मोजताना दोन्ही बंद ठेवावीत.

संध्याकाळची गर्दी : रात्री वेग पडतो आणि पहाटे सहाला भरून येतो, तर दोष घराबाहेरचा. दूरसंचार नियामक ट्रायने २००९मध्ये घरगुती जोडणीसाठी १:५०, म्हणजे एकाची क्षमता पन्नास ग्राहकांत, असे वाटपाचे प्रमाण सुचवले होते. वेगमापनाच्या संकेतस्थळांना कंपन्या झुकते माप देतात का, यावर एकमत नाही. कंपनीच्या जाळ्यातला आणि बाहेरचा असे दोन सर्व्हर वापरून मोजले की त्या वादात पडावे लागत नाही.

व्हीपीएन, इतर यंत्रे : मोजण्यापूर्वी व्हीपीएन बंद करावे, इतर यंत्रे जाळ्यावरून काढावीत.

तक्रार : ट्रायच्या २००६च्या गुणवत्ता-नियमांत कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत डाउनलोडचा वेग ८० टक्क्यांहून अधिक असावा, असा निकष होता, २०२४मध्ये त्या नियमांची जागा नव्या एकत्रित नियमांनी घेतली. तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा, दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे; त्याला शुल्क नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात स्पष्ट केले. तक्रारीत तारीख, वेळ, लिंक स्पीड आणि केबल लावून मोजलेला वेग लिहावा. वायफायवर मोजलेला आकडा लिहू नये. ‘तुमचे वायफाय’ म्हणून तक्रार तिथेच बंद केली जाते.