हिरोशिमाची कारणं आणि आक्कांचा प्रश्न

चातुर्मासात दुपारी आमच्या बस्तीत बायकांचं शास्त्रवाचन असतं. एके वर्षी त्यात हिंसेचे चार प्रकार आले. घर चालवताना होते ती आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात होते ती उद्योगी, स्वतःचं आणि आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि मारायचं असं ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण सुटत नाहीत. चौथी मात्र त्यानं सोडायचीच. त्या दिवशी नेमकी ६ ऑगस्ट होती. कुणीतरी म्हणालं, ‘आज हिरोशिमाचा दिवस. ती हिंसा संकल्पीच म्हणायची.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

आमच्या शेजारच्या आक्का जैन नाहीत, पण वाचनाला येऊन बसतात. बेळगाव हे मराठा पलटणीचं गाव. आक्कांचे वडील त्याच पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. आक्का म्हणाल्या, ‘तुमचं शास्त्र खरं असेल गं बायांनो. पण तो बॉम्ब पडला, लढाई थांबली आणि माझे बाबा घरी आले. मी त्यानंतरची. बॉम्ब पडायलाच नको होता म्हटलं, तर मी तरी कुठली?’

कुणालाच उत्तर सुचलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवलेली, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला वेळ मागून घ्यावा लागला. पुढचे काही आठवडे मी पुस्तकं काढून बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी आक्कांची बाजू, कारण ती पोकळ नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपूरजवळ संगशाक इथं मराठा पलटणीची एक बटालियन जपान्यांशी झुंजली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिंदी सैन्याला मलायाच्या किनाऱ्यावर उतरवण्याची तयारी चालू होती. जपान शरण आला म्हणून सप्टेंबरातलं ते उतरणं जवळजवळ बिनलढाईचं झालं. तिकडे पॅसिफिकमध्ये ओकिनावा बेटावर एप्रिल ते जून १९४५ या तीन महिन्यांत अमेरिकेचे १२,००० हून अधिक सैनिक मेले, जपानचे सुमारे एक लाख, आणि बेटावरची साधी माणसंही फार मोठ्या संख्येनं गेली. चीनमध्ये, आग्नेय आशियात, युद्धकैद्यांच्या छावण्यांत रोज माणसं मरत होती. युद्ध एक दिवस लांबलं तर त्या दिवसालाही किंमत होती. बॉम्बच्या बाजूचं हे सगळ्यात वजनदार कारण, आणि ते खोटं नाही.

पण ‘दहा लाख प्राण वाचले’ हे जे आपण ऐकत आलो, त्या आकड्याचा जन्म पाहिला की थबकायला होतं. माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये एका मासिकात लेख लिहिला आणि जपानवर चढाई केली असती तर एकट्या अमेरिकी सैन्यात दहा लाखांहून अधिक हताहत झाले असते, असा अंदाज दिला. हताहत म्हणजे मृत आणि जखमी मिळून. पुढे लोकांच्या बोलण्यात त्याचे नुसते मृत झाले. बॉम्बच्या आधी, १८ जून १९४५ ला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापुढे क्यूशू बेटावर १ नोव्हेंबरला उतरायचा बेत मांडला गेला. तेव्हा लष्करप्रमुख मार्शल यांनी पहिल्या ३० दिवसांची हानी लुझॉनच्या लढाईहून जास्त नसेल असं सांगितलं. लुझॉनचा आकडा ३१,००० हताहतांचा होता. हीसुद्धा माणसंच, थोडी नव्हेत. पण कारण आधी सांगितलं तेव्हा लहान होतं आणि नंतर सांगितलं तेव्हा मोठं झालं, हे लक्षात ठेवायला हवं.

मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मी समजत होते, बॉम्ब टाकावा की टाकू नये यावर रात्र-रात्र खल झाला असेल. तसं झालेलं दिसत नाही. ट्रुमन एप्रिलमध्ये गादीवर आले तेव्हा काम पूर्ण होत आलेलं. दोनशे कोटी डॉलर खर्च झालेले. ३१ मेच्या समितीत, आधी निर्जन जागी बॉम्ब फोडून जपानला दाखवावा का, ही गोष्ट निघाली ती दुपारच्या जेवणावर, आणि तिथंच मिटली. ११ जूनला जेम्स फ्रँक आणि इतर शास्त्रज्ञांनी तीच विनंती लेखी केली. जुलैत लिओ झिलार्ड यांच्या अर्जावर ७० जणांनी सह्या केल्या. काही बदललं नाही. समितीनं निशाण ठरवलं ते असं: भरपूर कामगार असलेला महत्त्वाचा युद्धकारखाना, ज्याच्या सभोवती कामगारांची घरं असतील. पूर्वसूचना द्यायची नाही. क्योटो शहर स्टिमसन यांनी आग्रहानं यादीतून काढलं, कारण ती जुनी राजधानी, देवळांचं गाव. म्हणजे एखादं शहर वाचवता येत होतं.

जपान तेव्हा रशियाच्या मध्यस्थीनं युद्ध संपवू पाहत होता. त्या तारा अमेरिका वाचत होती. सम्राटाला धक्का लावणार नाही एवढं सांगा, असं मुत्सद्दी जोसेफ ग्रू सांगत राहिले. पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात ते वाक्य ठेवलं नाही, आणि शरणागतीनंतर सम्राटाला राहू दिलंच. जपानचे सेनानीही अडून बसले होते, हे खरं. पण जाहीरनामा निघाला २६ जुलैला, आणि बॉम्बचा लेखी हुकूम त्याच्या आदल्या दिवशी, २५ जुलैला गेला होता. ३ ऑगस्टनंतर हवा चांगली असेल तेव्हा पहिला टाका, पुढचे तयार होतील तसे टाकत जा, असा तो हुकूम. ९ ऑगस्टच्या नागासाकीसाठी वेगळा निर्णय कुणी घेतलाच नाही. निशाण कोकुरा होतं. तिथं खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं.

त्याच ९ तारखेला पहाटे रशियाचं सैन्य मांचुरियात घुसलं. टोकियोत सहा जणांची युद्धसमिती बसली, तीन विरुद्ध तीन अशी अडली, आणि त्या रात्री सम्राटानं कौल दिला. बॉम्बनं की रशियानं, यावर इतिहासकार अजून भांडतात. दोन्ही धक्के तीन दिवसांच्या आत बसले; त्यांची वाटणी करून देणं मला जमलं नाही. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं गेली.

मग शास्त्रातलीच दुसरी तिकडी आठवली: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि केलेल्याला मान्यता दिलेलं. विमानातल्या माणसांनी केलं. हुकूम देणाऱ्यांनी करवलं. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत ८५ टक्के लोकांनी बॉम्बला पसंती दिली. कृत आणि कारित यांची माणसं आता उरली नाहीत. अनुमोदनेचं दार मात्र उघडंच आहे, आणि त्यातून आपण अजून ये-जा करतो.

हे सगळं मी आक्कांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘सकाळची वेळ म्हणजे लेकरं शाळेत असतील की गं?’

सव्वाआठ वाजले होते. बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं-मुली त्या सकाळी हिरोशिमाच्या मधोमध कामाला लावलेली होती. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम. त्यातली बहुतेक गेली.

आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बाबा आले ते चांगलंच झालं. ते मी म्हणणारच. पण त्यासाठी ती पोरं जायलाच पाहिजे होती, असं आता नाही म्हणवणार.’

मीही त्यांना एक गोष्ट कबूल केली. त्या दिवशी बस्तीत मी मान डोलावली होती ती काही न वाचताच.