खाऱ्या पाण्याचा गोड इतिहास

मासळीला मीठ लावले की भांड्यात पाणी सुटते, हे बोर्ली पंचतनमध्ये कोणाला सांगायला नको. पेशींच्या पापुद्र्यांतून पाणी मिठाकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. आता उलटा विचार करा. खाऱ्या बाजूवर भरपूर दाब दिला, तर मीठ मागे राहून गोडे पाणी पलीकडे येईल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून हा दाब हवेच्या दाबाच्या पंचवीसपटींहून अधिक लागतो. तत्त्व सोपे होते. घोडे अडले ते पापुद्र्यापाशी.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातील रीड व ब्रेटन यांना असे आढळले, की सेल्युलोज अॅसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो. पण पाणी येई थेंबाथेंबाने. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी पापुद्रा बनविण्याच्या द्रावणात परक्लोरेट क्षार मिसळला. वर अतिशय पातळ कातडी व खाली सच्छिद्र आधार, असा पापुद्रा तयार झाला आणि पाण्याचा ओघ कितीतरी पटींनी वाढला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावाला अशा यंत्राचे पाणी मिळू लागले.

पुढे १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी सच्छिद्र आधारावरच दोन रसायनांचा संयोग घडवून पॉलिअमाइडचा तलम थर चढविला. आज घरोघरी दिसणाऱ्या आर. ओ. यंत्रांत याच जातीचा पापुद्रा असतो. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे उभारलेल्या प्रकल्पात या पद्धतीने दिवसाला १८ लाख लिटर समुद्राचे पाणी गोडे करण्याची सोय केली.

पालकहो, किनाऱ्यालगतच्या विहिरींतून बेसुमार उपसा झाला की त्यांत खारे पाणी शिरते. म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही आणि तो संपलेलाही नाही. पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही. त्यावर शेवाळी थर साचून पाण्याची वाट बुजते. पाण्याला जवळ करणारा नवा रासायनिक लेप त्यावर चढविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यासाठी रसायनशास्त्र मनापासून शिकलेली मुले-मुली हवीत. ती आपल्या घरातूनही निघू शकतात. त्यांना अर्ध्या वाटेवर शाळा सोडू देऊ नका.