स्वीकृति-नमुना तपासणी

मालाच्या गटातील प्रत्येक नग न तपासता त्यातून यदृच्छया काढलेले काही नग तपासून संपूर्ण गट स्वीकारावा की नाकारावा, हे ठरविण्याच्या पद्धतीस स्वीकृति-नमुना तपासणी म्हणतात. काडतुसांसारख्या वस्तू चाचणीतच खर्ची पडत असल्यामुळे त्या सर्वच्या सर्व तपासणे शक्य नसते. इतर मालाच्या बाबतीत संपूर्ण तपासणी खर्चिक असते आणि कंटाळवाण्या कामात तपासनिसाच्या नजरेतून दोष निसटतातही. मात्र नमुन्यावरून घेतलेल्या निर्णयात चुकीचा धोका अटळ असतो. हा धोका किती आणि तो विक्रेता व ग्राहक यांनी कसा वाटून घ्यावयाचा, हे आकड्यांत सांगता येऊ लागले, यातच या पद्धतीच्या इतिहासाचे मर्म आहे.

नमुन्यावरून पारख करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधील ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ ही नाण्यांची परीक्षा तेराव्या शतकापासून चालत आली आहे. टाकसाळीत पाडलेल्या नाण्यांपैकी काही पेटीत राखून ठेवीत व पुढे स्वतंत्र परीक्षक ती एकत्र तोलून कसास लावीत. वजनात ठराविक तूट किंवा वाढ चालत असे; पण ही सूट एकूण वजनाच्या प्रमाणात वाढविली जाई. यादृच्छिक चुका परस्परांना काही अंशी खोडून काढीत असल्यामुळे त्यांची बेरीज साधारणतः नगसंख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे नाणी पुष्कळ असली, की ही सूट फारच सैल ठरे.

गटातील दहा टक्के नग तपासावेत, हा ढोबळ नियमही असाच फसवा आहे. शेकडा ४ नग सदोष असलेले दोन गट घेतले व नमुन्यात एकही सदोष नग चालणार नाही असे ठरविले, तर ५० नगांचा गट ५ नगांच्या नमुन्यावरून १०० पैकी सु. ८१ वेळा स्वीकारला जाईल. १,००० नगांचा गट मात्र १०० नगांच्या नमुन्यावरून केवळ सु. एकदाच. दर्जा तोच असूनही निर्णय उलट होतो. संरक्षण मुख्यतः नमुन्यातील नगांच्या संख्येवर अवलंबून असते, टक्केवारीवर नव्हे.

या विषयाची शास्त्रीय मांडणी अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत झाली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये उत्पादनप्रक्रियेसाठी नियंत्रण तक्ता सुचविला, तर त्यांचे सहकारी हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी १९२९ मध्ये नमुना तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली. चांगला गट नाकारला जाण्याची संभाव्यता म्हणजे उत्पादकाचा धोका व वाईट गट स्वीकारला जाण्याची संभाव्यता म्हणजे ग्राहकाचा धोका होय. उदा., मोठ्या गटातून ५० नग काढून त्यांत जास्तीत जास्त एक सदोष नग चालवून घेतला, तर शेकडा १ सदोष असलेला गट सु. ९१ टक्के वेळा स्वीकारला जातो व शेकडा ८ सदोष असलेला सु. ८ टक्के वेळा.

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रसामग्रीच्या प्रचंड खरेदीमुळे या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वॉल्ड यांनी क्रमिक विश्लेषण विकसित केले. त्यात एकेक नग तपासून प्रत्येक वेळी स्वीकार, नकार वा पुढील तपासणी यांपैकी एक निर्णय घेतात. त्यामुळे सरासरीने बरेच कमी नग तपासावे लागतात. डिसेंबर १९५० मध्ये भारताच्या व्याख्यानदौऱ्यावर असताना निलगिरी भागातील विमान अपघातात वॉल्ड यांचा मृत्यू झाला. अमेरिकी लष्कराचे १०५ क्रमांकाचे मानक १९५० मध्ये निघाले आणि १९९५ मध्ये रद्द झाले. परंतु त्याची परंपरा आयएसओ २८५९ या आंतरराष्ट्रीय व आयएस २५०० या भारतीय मानकांत टिकून आहे.

एडवर्ड्‌स डेमिंग यांनी तपासणीवर विसंबून राहण्याच्या प्रथेवर कडक टीका केली. दर्जा उत्पादनप्रक्रियेतच निर्माण होतो. तपासणीने तो मालात घालता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वमान्य आहे. स्वीकारलेला गट निर्दोष असल्याची हमी ही पद्धत देत नाही. निर्णय चुकण्याचा संभव किती, एवढेच ती सांगते. तथापि हा धोका व्यवहारापूर्वीच उघड होत असल्यामुळे तो पत्करावयाचा की नाही, हे दोन्ही पक्षांना जाणीवपूर्वक ठरविता येते.