फळांवर जगणारा राज्यपक्षी : कळंब परिसरातील हरियाल

कळंब (ता. कर्जत), वार्ताहर : महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण आणि राज्यवृक्ष आंबा ही माहिती शालेय विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. राज्यपक्षी हरियाल मात्र अनेकांनी केवळ चित्रातच पाहिलेला असतो. वास्तविक हा पक्षी फार दूर नाही. पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि पूर्वेला भीमाशंकर-सिद्धगडची रांग, या दोहोंमधील कळंबसारख्या गावांच्या शिवारात वड-उंबर पिकले की हरियालांचे थवे उतरतात. झाडाखाली उभे राहूनही ते दिसत नाहीत, इतका त्यांचा रंग पानांशी एकजीव होतो. टपटप पडणारी अर्धवट खाल्लेली फळे हीच त्यांच्या हजेरीची पहिली खूण असते.

ओळख

हरियाल हे कबुतराच्या कुळातील हिरवे कबूतर होय. मराठीत त्याला हरोळी असेही नाव आहे. शास्त्रीय परिभाषेत तो ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस या नावाने ओळखला जातो. लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पारव्याएवढी. डोके राखाडी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर फिकट जांभळा डाग आणि पंखांवर पिवळी पट्टी असे त्याचे रूप असते. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे हळदीसारखे पिवळे पाय. बहुतेक हिरव्या कबुतरांचे पाय लालसर असतात, त्यामुळे ही खूण सहसा चुकत नाही. नर व मादी जवळजवळ सारखेच दिसतात.

त्याचा आवाज पारव्याच्या घुमण्यासारखा नसून मंजुळ शिळेसारखा असतो. हिवाळ्यात सकाळी थवे निष्पर्ण झाडांच्या शेंड्यांवर ऊन खात बसतात. हरियाल नीट पाहायचा असल्यास हीच वेळ उत्तम. ऊन तापल्यावर थवा दाट पानांत शिरला की त्याला शोधणे कठीण जाते.

हरियाल जमिनीवर कधीच पाय ठेवत नाही, खाली उतरावेच लागले तर पायात काटकी धरून उतरतो, अशी लोकसमजूत आहे. काटकीची गोष्ट कल्पित असली, तरी तिच्यामागील निरीक्षण खरे आहे. हा पक्षी बहुतांश आयुष्य झाडावरच काढतो आणि जमिनीवर क्वचित उतरतो.

बेटांवरील नातलग

फळांवर जगणाऱ्या कबुतरांचे खरे वैभव उष्ण कटिबंधातील बेटांवर आढळते. इंडोनेशिया, न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातील बेटांवर टिलिनोपस या प्रजातीतील पन्नासहून अधिक जातींचे छोटे फळखाऊ होले राहतात. हिरव्या अंगावर गुलाबी, जांभळी वा केशरी टोपी असे त्यांपैकी अनेकांचे रूप असते. काही जातींचे सारे जग एकाच बेटापुरते मर्यादित आहे. हेंडरसन बेटाचे क्षेत्रफळ अवघे ३७ चौरस किलोमीटरच्या आसपास. तेथील होला जगात अन्यत्र कोठेही नाही.

या प्रजातीतील पक्षी भारतात आढळत नाहीत. मात्र हरियालाच्या प्रजातीतील एक हिरवे कबूतर केवळ अंदमान व निकोबार बेटांवर राहते. त्याचा जवळचा भाऊबंद, राखाडी कपाळाचे हिरवे कबूतर, आपल्या सह्याद्रीत आहे. त्याच्या नराची पाठ तपकिरी-लाल असते व पाय लाल असतात. पूर्वी या दोघांना एकाच जातीत गणले जाई. आता त्यांना स्वतंत्र जातींचा दर्जा देण्यात आला आहे.

बेटावरील पक्ष्याला संकटकाळी जाण्यासाठी दुसरी जागा नसते. मारियाना बेटांवरील फळखाऊ होला हा उत्तर मारियाना बेटांचा अधिकृत पक्षी आहे. याच बेटांच्या साखळीतील ग्वाम येथे दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तपकिरी झाडसाप पोहोचला. त्याने पक्षी व अंडी फस्त केली आणि १९८०च्या दशकात हा होला ग्वाममधून नाहीसा झाला. मार्केसास बेटांवरील लाल मिशांचा होला तर विसाव्या शतकात कायमचा नामशेष झाला.

बी पेरणारा की दळणारा?

हरियाल फळे खातो आणि विष्ठेतून बिया टाकून जंगल वाढवतो, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान सरसकट खरे नाही. टिलिनोपस होल्यांची पेषणी, म्हणजे अन्न दळणारे जठर, मऊ असते. ते फळाचा गर पचवतात व बी अखंड बाहेर टाकतात. हिरव्या कबुतरांची पेषणी मात्र स्नायुयुक्त व बळकट असते. वड-उंबराच्या बारीक बियांपैकी बऱ्याचशा त्यात दळल्या जाऊन पचतात. म्हणजे हरियाल काही अंशी बी खाणाराच ठरतो. वडाचा प्रसार करण्याचे श्रेय बुलबुल, तांबट, कोकीळ, धनेश आणि वटवाघळे यांना अधिक जाते.

म्हणून हरियालाचे महत्त्व कमी होत नाही. पिकल्या झाडावर मोठ्या संख्येने येणारा हा पक्षी त्या झाडाच्या आणि परिसराच्या आरोग्याची खूण आहे. त्याचे जीवन वड, पिंपळ, उंबर, नांदरूक यांच्या फळांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते; जोडीला जांभूळ, बोर अशी हंगामी फळे मिळतात.

उंबर वर्गातील झाडांचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. ही झाडे एकाच हंगामात फळत नाहीत. एक वड आज पिकतो, तर शेजारच्या गावातील वड महिन्या-दोन महिन्यांनी पिकतो. त्यांचे परागण फळात शिरणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या करतात आणि सहसा झाडाच्या प्रत्येक जातीची माशी वेगळी असते. अल्पायुषी माशीला एका झाडावरून निघून दुसरे योग्य अवस्थेतील झाड गाठावे लागते. त्यामुळे परिसरात अशी झाडे पुरेशी असली, तरच फळांची साखळी वर्षभर चालू राहते. इतर फळे संपतात तेव्हा पक्ष्यांना तारणारी हीच झाडे असतात.

वीण

विणीचा काळ साधारण मार्च ते जून असा असतो. घरटे म्हणजे काटक्यांची विरळ मांडणी. त्यात दोन पांढरी अंडी घातली जातात. अन्य कबुतरांप्रमाणेच हरियालही गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ पिल्लांना भरवतो.

धोका कोठे आहे?

जागतिक पातळीवर हरियालाला तातडीचा धोका नसल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत नमूद आहे. ब्रिटिश अमदानीत पिकल्या वडाखाली दबा धरून याची शिकार केली जाई. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ती गुन्हा आहे. बेचकीने पाखरे पाडणेही त्यात आलेच. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग रायगड जिल्ह्यात येतो. तेथे या पक्ष्याला कायद्याचे व जंगलाचे दुहेरी संरक्षण आहे.

कळंबसारख्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. येथील जुने वड-उंबर बांधावर, ओढ्याकाठी, देवळापाशी आणि रस्त्याच्या कडेला उभे आहेत, अभयारण्यात नव्हेत. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने कर्जत तालुक्यात जमिनीला मागणी आहे. भातखाचरांचे प्लॉट पडतात, फार्महाऊस उभी राहतात, रस्ते रुंद होतात. जुन्या झाडाच्या बदल्यात शोभेची झाडे लावली, तरी कागदोपत्री झाडांची संख्या भरते. हरियालाच्या दृष्टीने मात्र तो बदल शून्य असतो, कारण गुलमोहरावर त्याला खाण्याजोगे काही नाही. फळझाडे विरळ होत गेली, तर उरलेला प्रत्येक वड हेच एक बेट बनते, आणि बेटावरील पक्ष्यांचे काय होते हे ग्वामने दाखवून दिले आहे.

उपाय खर्चिक नाही. गावातील वड, पिंपळ, उंबर व नांदरूक यांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. रस्त्याचे काम निघाल्यास ती झाडे वाचतील अशी आखणी आधीच मागावी. वडाची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली तरी ती मूळ धरते, त्यामुळे शाळांना हा उपक्रम सहज राबवता येईल. वड मोठा होऊन भरपूर फळण्यास बरीच वर्षे लागतात; म्हणून नवा लावणे आवश्यक असले, तरी जुना राखणे अधिक आवश्यक आहे. राज्यपक्ष्याचा मान शासनाने दिला आहे, त्याच्या अन्नाची सोय मात्र गावालाच करावी लागेल.