५० पैकी २७

आजचा भाग थोडा घरचा आहे आणि बराचसा इतिहासाचा.

निवृत्तीनंतर मी आणि सौ. लेकीकडे कोलोरॅडोला काही महिने राहिलो. जावयाला घरी बीअर करायचा छंद. त्याच्या हाताखाली मीही एक पिंप लावलं. बीअर तयार झाली, घरच्यांनी वाहवा केली. जावई म्हणाला, "बाबा, घरचे कौतुकच करणार. स्पर्धेत पाठवू." पाठवली. काही आठवड्यांनी कागद आला : ५० पैकी २७.

या कागदामागचा इतिहास मी मग शोधून वाचला.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. माल्टचा घट्ट पाक मात्र दुकानात उघड मिळे. लोक तो नेऊन तळघरात बीअर करत. १९३३ मध्ये बंदी उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली, बीअरला मिळाली नाही. पुढची ४५ वर्षं घरची बीअर केंद्रीय कायद्याने बेकायदाच होती.

माझ्या मते या बंदीचं मोठं नुकसान असं, की चोरून केलेल्या वस्तूला परीक्षक मिळत नाही. करणारा शेजाऱ्याला पाजणार, शेजारी फुकटची पिऊन "छान झालीय" म्हणणार, आणि पुढच्या पिंपात तीच चूक पुन्हा होणार.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर. दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर दुप्पट. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी 'अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन' काढली. पपाझियन शाळेत शिकवायचे आणि फावल्या वेळात लोकांना बीअर करायला शिकवायचे. १९७९ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा बोल्डरलाच झाली. १९८५ मध्ये 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' सुरू झाला, म्हणजे परीक्षकांनाच आधी परीक्षेला बसवलं!

त्यांची गुणपत्रिका बघा. गंधाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, आणि एकूण परिणामाला १०. बाटलीवर ना नाव, ना लेबल, फक्त क्रमांक. प्रत्येक परीक्षक आपला कागद वेगळा भरतो, काय चुकलं आणि काय करावं तेही लिहितो.

माझ्या दोन्ही कागदांवर एकच शेरा होता : लोण्यासारखा वास. मी त्यालाच बीअरचा दाटपणा समजत होतो! आंबताना डायअ‍ॅसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो. वेळ दिला तर यीस्टच तो शेवटी संपवतं. मी घाईने पिंप थंडीत ठेवलं होतं. "शेवटचे दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवा," असं एकाने लिहिलं होतं.

मंडळी, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. हुद्दा वाढला तसं मेसमध्ये माझ्या प्रत्येक विनोदावर ज्युनिअर हसत गेले. माझ्या वार्षिक गोपनीय अहवालात सर्वांत वरच्या साहेबांनी काय लिहिलं, ते मला कधी दिसलं नाही. एक बढती हुकली. नेमका कुठे कमी पडलो, हे आजही मला माहीत नाही. इथे दोन अनोळखी माणसांनी, माझं नाव किंवा हुद्दा माहीत नसताना, माझी चूक आणि तिचा उपाय लिहून हातात दिला होता.

दुसऱ्या पिंपाला मी तीन दिवस जास्त दिले. लोण्याचा वास गेला. ती बीअर स्पर्धेत पाठवायच्या आधीच आमचं परतीचं विमान होतं, त्यामुळे तिचे गुण सांगता येत नाहीत.

एक सूचना. आपल्याकडे दारूचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा ठरतो. तेव्हा हे वाचून कोणी स्वयंपाकघरात पिंप मांडू नका. पण लोणचं असो, कविता असो की पोराने काढलेलं चित्र, एकदा तरी नाव झाकून अनोळखी जाणकाराला दाखवा.

तो २७ गुणांचा कागद मी मेडल्सच्या पेटीत ठेवला आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.